मामा तलाव ठिपक्यात मावत नाही

भंडारा-गोंदियाकडे मनरेगातून मामा तलावाचा (म्हणजे माजी मालगुजारी, मालगुजारांच्या काळातल्या तलावाचा) गाळ काढला, की पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहून मोबाइलवर फोटो घेतात. फोटोबरोबर अक्षांश-रेखांश जातात आणि इस्रोच्या 'भुवन' या नकाशांच्या संकेतस्थळावर एक ठिपका उमटतो. काम कुठं झालं, एवढं त्यातून कळतं. तलाव केवढा, ते नाही.

डिजिटल नकाशात वस्तू दाखवायला मुळात तीनच आकार: बिंदू, रेषा आणि बहुभुज. हातपंपाला बिंदू पुरतो. पांदण रस्ता रेषेनं दाखवतात, पण रेषेला रुंदी नसते. आणि पांदणीची भांडणं तर रुंदीवरूनच होतात!

तलावाला बहुभुज हवा. काठाकाठानं घेतलेल्या बिंदूंची ही यादी. तिचा शेवटचा बिंदू पहिल्यावरच येऊन मिळतो. पण काठ कोणता धरायचा? ऑक्टोबरात पाणी पाळीला टेकलेलं असतं. उन्हाळ्यात ते मागं सरकतं आणि उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत कुणीतरी पीक घेतं. मे महिन्यातल्या उपग्रहचित्रावरून हद्द आखली, तर ती जमीन नकाशापुरती तलावाबाहेर गेलीच म्हणायची. माझ्या मते अशा तलावाचे दोन बहुभुज ठेवावेत, भरलेल्याचा आणि आटलेल्याचा, दोन्हींवर तारीख घालून. पाळ ही वेगळी रेषा, तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, हा वेगळा बिंदू.

अक्षांशाच्या पाचव्या दशांश स्थळी एकाचा फरक म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर. साधा मोबाइल मोकळ्या आभाळाखालीही चार-पाच मीटर चुकतो, मोहाच्या झाडाखाली आणखी. तेव्हा आठ दशांश स्थळं लिहिणं हा निव्वळ थाट.

अंशांवरून थेट क्षेत्रफळही निघत नाही. विदर्भात अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, रेखांशाचा मात्र १०४च. म्हणून आधी अंशांचे मीटर करावे लागतात. त्यासाठीच्या यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे आहेत. त्यातल्या ४३ आणि ४४ या पट्ट्यांची सीमा, म्हणजे ७८ अंश पूर्व रेखांश, विदर्भातूनच जाते: अमरावती शहर अलीकडे, वर्धा पलीकडे. याच रेखांशालगत ब्रिटिश मोजणी अधिकारी विल्यम लॅम्बटन दक्षिणेकडून मोजणी करत वर आला होता. १८२३ मध्ये हिंगणघाटला तो वारला.

सर्रास होणारी गफलत वेगळीच आहे. गूगल मॅप्समध्ये अक्षांश आधी लिहितात, जिओजेसन या प्रकारच्या नकाशा-फाइलीत रेखांश आधी. हा क्रम उलटला, की हिंगणघाटची विहीर थेट उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांपाशी निघते.