आईचा चेहरा थिजतो तेव्हा

आई बाळाशी खेळतेय. बाळ हसलं की हसते, त्याच्या हुंकाराला हुंकार देते. मग क्षणभर मान वळवते आणि पुन्हा समोर बघते, ती कोऱ्या चेहऱ्याने. बाळ आधी हसून पाहतं. हात पुढे करतं, चिरकतं. आई ढिम्म. शेवटी बाळ नजर फिरवतं, अंग सैल सोडतं. जेमतेम दोन मिनिटांचा खेळ, पण पाहवत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७०च्या दशकातला हा प्रयोग प्रसिद्ध आहे. मला मात्र त्यांचं दुसरं निरीक्षण अधिक मोलाचं वाटतं. रोजच्या, चांगल्या चाललेल्या खेळातही आई आणि बाळाचा सूर जुळलेला असतो तो साधारण ३० टक्केच वेळ. बाकी सगळी चुकामूक आणि सावरासावर. आई जरा जास्तच गुदगुल्या करते, बाळ तोंड फिरवतं, आई थांबते, थोड्या वेळाने बाळ आपणहून वळून बघतं. बिनसलेलं पुन्हा जुळतं आणि ते जुळवण्यात आपलाही हात असतो, हे बाळाला इथे कळतं. म्हणून ‘आईचं काहीतरी चुकलं’ असा निष्कर्ष या संशोधनातून काढणं मला अन्यायाचं वाटतं. चुकणं तर सगळीकडेच आहे.

हे कळणं शब्दांच्या आधीचं. ते आठवण म्हणून सांगता येत नाही, सायकलच्या तोलासारखं अंगात मुरलेलं असतं. मनोविश्लेषक डॅनिएल स्टर्न आणि त्यांच्या बोस्टनच्या अभ्यासगटाने १९९८ साली नेमका हाच मुद्दा मोठ्यांच्या मानसोपचारापुढे ठेवला: उपचारात अर्थ उलगडून सांगण्याइतकंच, त्या खोलीत दोघांमध्ये काय घडतं हेही माणसाला बदलतं.

समजा, कुणी मन मोकळं करतंय आणि थेरपिस्टची नजर घड्याळाकडे जाते. बोलणारी व्यक्ती हसून म्हणते, “जाऊ दे, विशेष काही नाही.” आवाज खाली गेलेला, खांदे पडलेले. इथे बालपणाबद्दल विचारण्याची घाई नको. थेरपिस्ट म्हणतो, “मी आत्ता घड्याळाकडे पाहिलं आणि तुम्ही थांबलात. माझं लक्ष हललं खरं.” समोरची नजर वर येते. “राग आला होता मला,” ती व्यक्ती म्हणते. आणि खुर्ची सोडून उठत नाही.