भूमिगत खाणकामातील दुखापती

जमिनीखालच्या खाणीत काम करताना कामगाराला होणारी शारीरिक इजा. या नोंदीत प्रामुख्याने भारतातील दगडी कोळशाच्या भूमिगत खाणींचा विचार केला आहे. महाराष्ट्रात अशा खाणी नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत आहेत. नागपूर-भंडाऱ्याकडे मँगनीजच्याही भूमिगत खाणी आहेत. गोव्यातील लोहखनिज उघड्या खाणींतून निघते, त्यामुळे तेथील अपघातांचे स्वरूप निराळे.

इजा कशाला म्हणायचे, हे कायदा हाडांवर आणि तासांवर ठरवतो. खाण अधिनियम, १९५२ नुसार अवयव किंवा त्याचा वापर कायमचा गमावणे, दृष्टी वा श्रवणशक्ती जाणे आणि कोणतेही हाड मोडणे ही ‘गंभीर शारीरिक इजा’ होय. करंगळीचे एक पेर मोडले तरी ती गंभीरच. हाड शाबूत असेल, पण ७२ तास किंवा त्याहून जास्त काळ कामावर येता येणार नसेल, तर ती ‘कळवण्याजोगी इजा’. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी कामगार संहिता लागू होऊन हा अधिनियम तिच्यात सामावला, पण आजवरची आकडेवारी याच व्याख्यांवर उभी आहे. तिच्यातली फट सहज दिसते. पाठ भरून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी लॅम्परूममध्ये, म्हणजे खाणीवरच्या दिव्यांच्या खोलीत, हलक्या कामावर बसवून हजेरी लावली, तर गैरहजेरीचे तास भरतच नाहीत. म्हणून मृत्यूच्या आकड्यांवर जितका भरवसा ठेवता येतो, तितका किरकोळ इजांच्या आकड्यांवर ठेवता येत नाही.

भूमिगत कोळसा खाणींतील मृत्यूंचे दीर्घकाळ सर्वांत मोठे कारण राहिले आहे ते छत कोसळणे. झारखंडमधील झरिया-धनबादच्या बोलीत याला ‘चाल धसणे’ म्हणतात. आपल्याकडील बहुतेक खाणी गॅलरी-खांब पद्धतीच्या: कोळशाच्या थरात आडव्या-उभ्या गॅलऱ्या, म्हणजे बोगद्यासारख्या वाटा, काढायच्या आणि मधले कोळशाचे चौक खांब म्हणून सोडायचे. नियमाने गॅलरी ४.८ मीटरपेक्षा रुंद आणि ३ मीटरपेक्षा उंच असू नये. सगळीकडे अशी गॅलऱ्यांची जाळी झाली की मागे हटत हटत ते खांबही काढले जातात. खरा धोका तेथे. मागे उरलेली पोकळी, म्हणजे ‘गोफ’, थोडी थोडी ढासळत राहिली तर बरी. छत बराच काळ लटकून एकदम खाली आले, तर दाबलेल्या हवेचा लोंढा सुटतो आणि दूरवरची माणसेसुद्धा फेकली जातात.

छताची पारख अजूनही कानाने होते. मायनिंग सरदार, म्हणजे पाळीच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणारा मुकादम, काठीने छत ठोकतो. आवाज खणखणीत आला तर दगड घट्ट, बद्द आला तर वर थर सुटलेला; बाजारात मडके वाजवून घ्यावे तसाच हा प्रकार. सुरुंग उडवल्यानंतर सैल दगड पहारीने पाडण्याचे काम ‘ड्रेसर’चे. इतरांसाठी जागा सुरक्षित करणारा हा माणूस स्वतः मात्र सर्वांत कच्च्या छताच्या जवळ उभा असतो. पूर्वी लाकडी टेकू असत. वजन आले की ते करकरत, आणि तेवढ्या सूचनेवर माणसे मागे पळत. आता छतात भोके पाडून पोलादी रूफ बोल्ट बसवतात. त्यांनी थर एकमेकांना पक्के शिवले जातात आणि अपघात कमी व्हायला मोठी मदत झाली. पण बोल्ट लाकडासारखा बोलत नाही.

दुसरा मोठा गट वाहतुकीचा. टब (कोळशाचे रुळावरचे छोटे डबे) ओढणारा वायररोप तुटणे, उतारावर टब सुटणे, रुळावरून घसरलेला टब हातांनी उचलताना बोटे चिरडणे किंवा कंबर धरणे, हे जुने प्रकार. टोपलीने कोळसा भरणाऱ्या लोडरच्या जागी यंत्रे आली, तेव्हा त्यांत यंत्र आणि गॅलरीची भिंत यांमध्ये माणूस चेपण्याचा प्रकार नव्याने आला. कन्व्हेयर पट्ट्याचे वेगळेच. पाळी संपल्यावर चढाची लांबलचक वाट तुडवण्यापेक्षा चालत्या पट्ट्यावर बसून यावे, असा मोह थकलेल्या माणसाला होतो. त्याला नुसते बेशिस्त म्हणून भागत नाही. माणसे ने-आण करण्याची सोय कुठवर आहे, हेही पाहायला हवे.

वायू आणि पाणी यांचे अपघात संख्येने थोडे, पण एका वेळी अनेकांना नेणारे. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की ठिणगीने स्फोट होतो. म्हणून तो १.२५ टक्क्यांवर गेला की वीज तोडून माणसे बाहेर काढावी लागतात. चिनाकुडी (१९५८) येथे १७६ आणि ढोरी (१९६५) येथे २६८ कामगार स्फोटात गेले. पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीच्या ६० मीटरच्या आत काम पोहोचले, की पुढे भोके पाडून चाचपणी करत जायचे असते. २७ डिसेंबर १९७५ रोजी चासनाला येथे पाणी फुटून ३७५ जण बुडाले. त्याच्या महिनाभरच आधी नागपूर जिल्ह्यातील सिलेवाडा खाणीत पाणी शिरून १० कामगार मेले होते. चासनाला सर्वांना ठाऊक असते. सिलेवाड्याची आठवण विदर्भाबाहेर क्वचितच निघते. महाबीर खाणीत (राणीगंज, १९८९) मात्र जमिनीतून भोक पाडून, लोखंडी कॅप्सूलमधून एकेक करत ६५ जणांना जिवंत वर काढले गेले. सहा जण वाचले नाहीत.

धनबादच्या खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या परिभाषेत दहा किंवा अधिक मृत्यू झाले तरच अपघाताला आपत्ती म्हणतात. चौकशी न्यायालये आणि वर्तमानपत्रांचे मथळे बहुधा अशा घटनांना लाभतात. एरवी छत कोसळून जातात ती माणसे एक-दोनच्या हिशेबात.

भरपाईचे कोष्टक १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने घालून दिले. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे धरतात, तर्जनी पूर्ण गेली तर १४, हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के. पूर्ण व कायमच्या अपंगत्वाला मासिक वेतनाच्या ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला घटक असे सूत्र आहे; मृत्यूला हाच हिशेब ५० टक्क्यांनी होतो. पहारीने छत पाडणाऱ्याचा अंगठा आणि कार्यालयात बसणाऱ्याचा अंगठा या कोष्टकात सारखेच.

धुळीने होणारे सिलिकोसिस व न्यूमोकोनिओसिस, मँगनीजची मज्जासंस्थेवरील विषबाधा आणि आवाजाने येणारा बहिरेपणा यांची गणना दुखापतींत होत नाही. ते ‘अधिसूचित रोग’ असून त्यांची नोंद निराळी ठेवतात. परिणामी, सुरुंगाच्या एका धमाक्याने कान गेला तर ती गंभीर इजा ठरते; ड्रिल मशीनपाशी वीस वर्षे उभे राहून गेला तर रोग.