पॅरिसची रोषणाई फेरी इतक्या उशिरा का निघते? : पार्श्वभूमी

मे महिन्याच्या सुट्टीत युरोपला जाणाऱ्या मराठी गटांच्या आयटिनररीत पॅरिसच्या मुक्कामात एक ओळ हमखास असते : रात्री इल्युमिनेशन टूर. ऑपेरा, कॉन्कॉर्ड चौक, शाँझेलिझे, विजय कमान असे करत बस टॉवरसमोर, नदीपलीकडच्या त्रोकादेरो चौकापाशी पोहोचते आणि सगळे खाली उतरून आयफेल टॉवर चमचमण्याची वाट पाहतात. तक्रारही ठरलेलीच. रात्रीचे दहा वाजले तरी आकाश उजळ, हॉटेलवर परतेपर्यंत मध्यरात्र उलटलेली आणि सकाळी सहाला पुन्हा वेक-अप कॉल. राग निघतो तो टूर मॅनेजरवर. त्या बिचाऱ्याच्या हातात यातले जवळजवळ काहीच नसते.

पॅरिसमधल्या दिव्यांची सुरुवात कोणाला शहर दाखवण्यासाठी झाली नव्हती. 1667 मध्ये रस्त्यांवर मेणबत्तीचे कंदील टांगले गेले ते चोराचिलटांना धाक बसावा म्हणून, आणि ते काम पोलिसांच्या प्रमुखाकडे होते. 1829 मध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवे आले. 1878 च्या जागतिक प्रदर्शनासाठी ऑपेराकडे जाणारा हमरस्ता विजेच्या दिव्यांनी उजळला. 1889 च्या प्रदर्शनात उभा राहिलेला टॉवर मात्र पहिल्यांदा गॅसच्याच दिव्यांनी झगमगला. ‘गाइडबरोबर शहर पाहणे’ हा धंदा याच प्रदर्शनांच्या गर्दीवर पोसला. इंग्लंडहून 1855 पासून गटच्या गट येऊ लागले, आणि 1867 च्या प्रदर्शनात सेन नदीवर प्रवासी बोटी सुरू झाल्या. या बोटी सुरुवातीला लोकलसारख्या रोजच्या ये-जा करण्याच्या होत्या. फक्त पर्यटकांसाठीचा त्यांचा नवा अवतार दुसऱ्या महायुद्धानंतरचा, 1949 चा.

‘रात्रीचे पॅरिस’ या शब्दांचा अर्थ तेव्हा वेगळा होता. मोंमार्त्र टेकडीच्या पायथ्याशी लाल पवनचक्कीचे ते प्रसिद्ध नाचघर, मुलँ रूज, 1889 मध्येच उघडले. पुढे कित्येक वर्षे रात्रीच्या बसफेऱ्यांचे आकर्षण होते कॅबरे आणि शॅम्पेन. आजीआजोबांना आणि शाळकरी मुलांना घेऊन करायची ती सहल नव्हे. इमारती पाहण्यासाठी रात्री बाहेर पडावे असे फारसे काही नव्हतेही. 1925 पासून जवळपास दशकभर टॉवरवर अडीच लाख दिवे लागले खरे, पण ती एका मोटार कंपनीची जाहिरात होती. कंपनीचे नाव टॉवरच्या उंचीवर आडवे-उभे झळकत असे. बाकी शहराच्या दगडी भिंती कोळशाच्या धुराने काळ्याठिक्कर पडलेल्या होत्या. 1960 च्या दशकात सरकारने त्या धुऊन काढण्याची मोहीम हाती घेतली तेव्हा कुठे मूळचा फिकट पिवळसर दगड दिसू लागला. काळ्या भिंतीवर प्रकाशझोत टाकून काय दिसणार? रोषणाईच्या इतिहासात या धुलाईला मिळायला हवे तितके श्रेय मिळत नाही.

आजची फेरी ज्या क्षणासाठी असते तो क्षण तर अगदी अलीकडचा आहे. 1985 च्या 31 डिसेंबरपर्यंत टॉवरवर बाहेरून, जमिनीवरून झोत टाकले जात. त्या रात्रीपासून 336 सोडियम दिवे टॉवरच्या सांगाड्याच्या आत बसवून खालून वर रोखले गेले, आणि लोखंडी जाळी आतून सोनेरी दिसू लागली. चमचमणारे दिवे आले ते 1999 च्या शेवटच्या रात्री, नव्या सहस्रकाच्या स्वागताला. ते दीड वर्ष चालले, थकले, आणि 2003 च्या जूनमध्ये नव्याने बसवले गेले : चार बाजूंना पाच-पाच हजार, एकूण 20,000. अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला आधी दहा मिनिटे, नंतर 2008 पासून पाच मिनिटे. आपल्याकडच्या सहल कंपन्यांचा युरोप याच काळात फोफावला, हा योगायोग त्यांच्या पथ्यावर पडला. 1995 मध्ये शेंगेन करारातल्या युरोपीय देशांमधली सीमाबंधने सैल झाल्यावर एका व्हिसावर पाच-सहा देश करता येऊ लागले, आणि पॅरिसच्या संध्याकाळी दाखवायला एक फुकटचा, वेळेवर सुरू होणारा खेळ तयार होता.

फुकटचा म्हणजे डोळ्यांना. टॉवर बांधणारा अभियंता 1923 मध्ये वारला, त्यामुळे वास्तूवर आता कोणाचा हक्क उरलेला नाही. रोषणाईचे तसे नाही. टॉवरच्या शताब्दीच्या प्रकाशयोजनेबद्दलचा वाद फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1992 मध्ये न्यायालयाने ती स्वतंत्र कलाकृती मानली. म्हणून व्यावसायिक माहितीपत्रकात रात्रीचा टॉवर छापायचा तर परवानगी लागते. घरच्या फोटोंना कोणी विचारत नाही.

आता उशिराचा प्रश्न. टॉवर अंधारात लुकलुकतो, आणि पॅरिसमध्ये 21 जूनला सूर्य मावळतो रात्री दहाला दोन-तीन मिनिटे कमी असताना. त्यानंतर बराच वेळ संधिप्रकाश रेंगाळतो. उत्तरेकडचा देश, उन्हाळा, मग दिवस मोठा असणारच, असे गाइड सांगून टाकतात. हे अर्धेच खरे. दिवस मोठा असतो तो अक्षांशामुळे, पण सूर्यास्त घड्याळात दहाला पडतो तो माणसांनी केलेल्या हुकमांमुळे. आकाशाच्या हिशेबाने तो आठच्या सुमाराला व्हायला हवा.

जगाची घड्याळे ज्याच्यावरून लावतात त्या लंडनच्या ग्रिनिचपासून पॅरिस जेमतेम सव्वादोन अंश पूर्वेला आहे. दोन्हीकडच्या माध्यान्हीत फरक 9 मिनिटे 21 सेकंदांचा. 1911 पर्यंत फ्रान्सने आपली पॅरिसची वेळ सोडली नव्हती. जग ग्रिनिचकडे सरकल्यावर त्यालाही सरकावे लागले, पण कायदा करताना ग्रिनिच हे नाव येऊ दिले नाही. ‘पॅरिसची सरासरी वेळ, 9 मिनिटे 21 सेकंद मागे केलेली’ अशी शब्दरचना करून इंग्रजांची वेळ स्वीकारली. (घड्याळाच्या अभिमानावर मुंबईकराने हसू नये. 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ आल्यावरही मुंबईने आपली 39 मिनिटे मागची वेळ 1955 पर्यंत सोडली नाही.)

14 जून 1940 ला जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या आणि शहरातली घड्याळे बर्लिनबरोबर चालू लागली. फ्रान्सचा जो दक्षिण भाग ताब्यात गेला नव्हता तो काही काळ एक तास मागे राहिला. रेल्वेची वेळापत्रके त्यामुळे दोन तुकड्यांत विभागली गेली. 1941 मध्ये तो भागही त्याच वेळेवर आला. इथवरची गोष्ट सगळे सांगतात, आणि ‘फ्रान्स अजून नाझींच्या घड्याळावर चालतो’ असे चटकदार वाक्य त्यातूनच निघते. ते टाळ्या घेते, पण हिशेबात बसत नाही.

एक तर युद्धाआधीही फ्रान्समध्ये 1916 पासून उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करत असत, आणि 1940 च्या त्या दिवसांत ते पुढेच केलेले होते. जर्मनांनी आणखी एक तास घातला. दुसरे, आणि जास्त महत्त्वाचे, जर्मनांपासून मुक्ततेनंतर जुन्या वेळेकडे परत जायचे ठरले होते. 1945 च्या ऑगस्टमध्ये दोन टप्प्यांचा हुकूम निघाला : सप्टेंबरात एक तास मागे, नोव्हेंबरात दुसरा तास मागे, म्हणजे पुन्हा ग्रिनिचची वेळ. पहिला टप्पा झाला. दुसरा व्हायच्या काही दिवस आधी नव्या हुकमाने रद्द केला गेला. तेव्हा ग्रिनिचच्या तासभर पुढची ही वेळ, म्हणजे आजची हिवाळी वेळ, कायम ठेवण्याची जबाबदारी जाते ती स्वतंत्र फ्रान्सच्या सरकारकडे, कोणत्या फौजेकडे नव्हे. शेजारच्या देशांशी घड्याळ जुळते याची सोय मोठी आहे, हे मान्य. पण सूर्याच्या तासभर पुढे राहण्याचा निर्णय तिथे कायम झाला.

दुसरा तास आला तेलातून. 1973 च्या तेलसंकटानंतर वीज वाचवण्याची जी धावपळ झाली तीत उन्हाळी वेळ 1976 च्या मार्चअखेरीस परत आणली गेली. दिवे तासभर उशिरा लागतील, तेवढे तेल वाचेल, हा हिशेब. शेतकऱ्यांनी विरोध केला. गायींना घड्याळ कळत नाही, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. तरीही सोय झाली म्हणून, मग सवय झाली म्हणून, मग सगळ्या युरोपाने तारखा एक केल्या म्हणून ती राहिली. परिणाम असा की जूनमध्ये पॅरिसला सूर्य डोक्यावर येतो दुपारी दोनच्या जरा आधी. दिवे कमी जळावेत म्हणून घेतलेल्या निर्णयाने दिवे पाहायला आलेल्यांना ताटकळत ठेवले आहे.

यावरची चर्चा मिटलेली नाही. 2018 मध्ये युरोपीय पातळीवर जनमत मागवले तेव्हा 46 लाख उत्तरे आली आणि 84 टक्क्यांनी वर्षातून दोनदा घड्याळ फिरवणे बंद करा म्हटले. 2019 च्या मार्चमध्ये युरोपीय संसदेने 2021 पासून ते बंद करण्याच्या बाजूने मत दिले. पण कायमची वेळ उन्हाळी ठेवायची की हिवाळी यावर देशांचे जमेना, आणि प्रस्ताव तसाच पडून राहिला. फ्रान्सने कायम हिवाळी वेळ घेतली तर जूनचा सूर्यास्त नऊला येईल आणि आपल्या गटांना जेवण झाल्याझाल्या निघता येईल. कायम उन्हाळी घेतली तर आहे तेच चालू.

2022 मध्ये दुसऱ्या टोकाकडून कात्री लागली. युक्रेनच्या युद्धामुळे विजेचे दर भडकले आणि 23 सप्टेंबरपासून टॉवरची रोषणाई रात्री एकऐवजी पावणेबाराला बंद होऊ लागली. पालिकेच्या काही इमारतींवरचे झोत तर दहालाच. टॉवरच्या वर्षाच्या वीजवापरात या रोषणाईचा वाटा सुमारे चार टक्के, म्हणजे बचतीपेक्षा संदेशच मोठा होता. हिवाळ्यात पाचच्या सुमाराला अंधार पडतो, तेव्हा त्याने पर्यटकाचे काही बिघडले नाही. पण दहाला सूर्यास्त आणि पावणेबाराला दिवे बंद असे जूनचे गणित मांडले तर काळोखातला एकच लखलखाट उरतो, अकराचा. तो हुकला की संपले. म्हणून त्या दिवशीच्या वेळा पाहिल्याशिवाय बस काढू नये.

आणि बस काढायची तर ड्रायव्हर हवा. युरोपात 2007 पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे त्याला 24 तासांत साधारणपणे सलग 11 तास विश्रांती द्यावी लागते. आठवड्यातून फार तर तीनदा ती 9 तासांवर आणता येते. सकाळी आठला गाडी काढणाऱ्याचा दिवस म्हणजे रात्री नऊला संपतो, सवलत वापरली तरी अकराला. शहराबाहेरच्या हॉटेलवर परत जाण्याचा पाऊण तास यातच मोडतो. गाडीत बसवलेले यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवते आणि दंड जबर असतो, तेव्हा ‘जरा ॲडजस्ट करा ना’ इथे चालत नाही. मग कंपन्यांपुढे तीन वाटा राहतात. रात्रीसाठी दुसरी स्थानिक बस ठरवणे, जी महाग पडते. फेरी संधिप्रकाशातच उरकून तिला रोषणाई म्हणणे. किंवा तिची किंमत वेगळी लावून ती ‘ऑप्शनल’ या मथळ्याखाली टाकणे.

मार्गही आक्रसत चालला आहे. उजव्या काठावरचा नदीलगतचा मोटाररस्ता 2016 मध्ये पादचाऱ्यांना दिला गेला, रिव्होली रस्ता 2020 मध्ये खासगी गाड्यांना बंद झाला, आणि नोव्हेंबर 2024 पासून मध्यवर्ती पेठांतून नुसती आरपार जाणारी वाहने नकोत असा नियम आला. पर्यटक बसगाड्यांचा शहराच्या मध्यभागी सुळसुळाट झाला आहे, असे पालिकेचे पदाधिकारी 2019 पासून उघड म्हणत आले आहेत. बरेच गट आता बसने नदीपर्यंत येतात आणि उरलेले शहर बोटीतून पाहतात. बोटीला ना सिग्नल, ना पार्किंग.