दुर्मीळ आडनावाचं गणित

अमुक आडनाव मूळ मेवाडचं, तमुक थेट सूर्यवंशातलं, असं सांगणारे मजकूर फोनवर अधूनमधून येत असतात. कुणाचंच कूळ साध्या कुळवाड्यापाशी किंवा कुंभारापाशी जाऊन थांबत नाही, ही त्यांची खासियत. त्यांतला एक समज चांगल्या शिकलेल्या माणसांतही दिसतो: जिल्ह्यात चार-पाचच घरं असलेलं आडनाव म्हणजे काहीतरी जुनं, अस्सल, एखाद्या गादीच्या जवळपासचं. कोल्हापूरच्या आसपास जहागिऱ्या आणि सरदारांचे वाडे बरेच, त्यामुळे इथं या समजानं जरा जास्तच बाळसं धरलंय. आडनाव दुर्मीळ होतं ते बहुतेक वेळा निव्वळ नशिबानं. तरीही अभ्यासाला खरं उपयोगी पडतं ते असलंच आडनाव.

कोल्हापुरात कुणी ‘मी पाटील’ म्हणालं की पुढचा प्रश्न ठरलेला: कुठले पाटील? मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशा सगळ्यांत पाटील आहेत, कारण ते मुळात गावच्या कामाचं नाव. कुलकर्ण्यांचंही तसंच. राजर्षी शाहूंनी १९१८ मध्ये संस्थानातलं कुलकर्णी वतन मोडून तलाठी नेमले. काम गेलं, आडनाव राहिलं. अशा आडनावांना मूळपुरुष एक नसतो, गावागणिक वेगळा असतो. म्हणून दोन पाटलांचं रक्ताचं नातं असेलच असं काही सांगता येत नाही. जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात वीस-पंचवीस घरं असलेल्या आडनावाचा मूळपुरुष मात्र बहुधा एकच निघतो.

मग ही वीस-पंचवीसच घरं का राहिली? हा प्रश्न फ्रान्सिस गाल्टन यांना इंग्लंडात पडला होता. नामवंत घराण्यांची आडनावं भराभर नाहीशी होतात, हे त्या काळी बरेच जण बोलून दाखवत. सुखवस्तूपणानं वंश खुंटतो, असं त्याचं कारण दिलं जाई. गाल्टन म्हणाले, आधी हे तपासू या, की नुसत्या योगायोगानं किती आडनावं संपतील. १८७३ मध्ये त्यांनी हा प्रश्न गणिती कोड्याच्या रूपात छापला. हेन्री विल्यम वॉटसन नावाच्या गणिती पाद्र्यानं ते सोडवलं आणि १८७४ मध्ये दोघांचा निबंध आला. (पुढे १८८३ मध्ये ‘युजेनिक्स’ हा शब्द काढून वंशशुद्धीचं खूळ जगाच्या माथी मारणारे गाल्टन ते हेच. कोडं चांगलं होतं, एवढंच इथं पुरे.)

हे गणित आपण करवीरातच मांडू. ताराबाईंनी १७१० च्या सुमारास कोल्हापूरची वेगळी गादी उभी केली. तेव्हापासून आजवर ढोबळमानानं दहा पिढ्या झाल्या. समजा, त्या वेळी इथं एक हजार पुरुष होते आणि प्रत्येकाचं आडनाव वेगळं होतं. प्रत्येक जोडप्याला नेमकी दोन मुलं, जगलेली आणि संसाराला लागलेली. मुलगा की मुलगी हा नाणेफेकीचा मामला. लोकसंख्या वाढत नाही, घटत नाही. आडनाव बापाकडून मुलाला जातं.

पहिल्याच पिढीत काय होतं? दोन्ही मुली होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे पंचवीस टक्के आडनावं तिथंच थांबली. दुसऱ्या पिढीपर्यंत ३९ टक्के, तिसऱ्या पिढीपर्यंत ४८. पुढे वेग मंदावतो, पण गळती थांबत नाही. दहाव्या पिढीला ७४ टक्के. हजारातली साधारण २६० आडनावं उरली आणि प्रत्येकाचे सरासरी चार पुरुष. रोगराई नाही, लढाई नाही, दुष्काळ नाही, फक्त नाणं. या उरलेल्या आडनावांतही सारखेपणा नसतो. काहींचा एकच पुरुष उरलेला, काहींचे दहा-बारा. ज्यांचे दहा-बारा झाले त्यांच्या पूर्वजांत विशेष गुण होते असं म्हणण्याचा मोह होतो, पण या हिशेबात गुणांना जागाच ठेवलेली नाही.

याच हिशेबात एक गोष्ट दडलेली आहे. प्रत्येक जोडप्याला दोन मुलं होतातच, म्हणजे वंश कुणाचाच संपलेला नाही. आपसात लग्नं झाली नाहीत असं धरलं, तर प्रत्येक मूळपुरुषाला दहाव्या पिढीत १०२४ वंशज आहेत. त्यांतला, सरासरी काढली तर, एकच त्याचं आडनाव लावतो. बाकीचे १०२३ त्याचेच आहेत, फक्त वाटेत कुठंतरी लेक, नात किंवा पणती आली. ‘वंशाला दिवा’ हवा म्हणून जे काय चालतं त्याची किंमत या जिल्ह्यानं चांगलीच मोजली आहे. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. एवढं करून जे वाचवायचं ते नाणं चारातल्या तीन घरांत दहा पिढ्यांत घालवतंच.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. समजा, लोकसंख्या वाढते आहे, दर जोडप्याला तीन मुलं. म्हणजे सरासरी दीड मुलगा. वाटेल, आता कुणाचं आडनाव संपणार नाही. तरी संपतं. किती, ते काढायला एक सुंदर युक्ती आहे. एखाद्या पुरुषाचं आडनाव कधी ना कधी संपण्याची शक्यता ‘न’ धरा. ते संपायचं तर त्याच्या तिन्ही मुलांच्या वाटा बंद व्हायला हव्यात. एका मुलाची वाट दोन प्रकारे बंद होते: ती मुलगी असली तर (शक्यता अर्धी), किंवा मुलगा असून पुढे त्याचं आडनाव संपलं तर (अर्धी गुणिले न). दोन्ही मिळून (१ + न) भागिले २. तिन्ही वाटा बंद व्हायच्या म्हणून त्याचा घन. म्हणजे समीकरण असं झालं: न बरोबर (१ + न)/२ चा घन.

(१ + न)/२ ला ‘क्ष’ म्हटलं तर हेच क्ष³ − २क्ष + १ = ० असं होतं, आणि त्याचे अवयव पडतात (क्ष − १) आणि (क्ष² + क्ष − १). पहिल्या अवयवातून न = १ मिळतं, म्हणजे सगळी आडनावं संपणार. दुसऱ्यातून क्ष = ०.६१८, म्हणजे न = ०.२३६. खरं उत्तर दुसरं: दर शंभरातली २३-२४ आडनावं संपतात, बाकीची फोफावतात. कारण पिढी-पिढीनं शून्यापासून वर चढत जाताना जे उत्तर आधी लागतं तिथंच गाडी थांबते. न = १ हे उत्तर असल्या प्रत्येक समीकरणाला असतंच, तीन मुलं धरा की तेरा. वॉटसन नेमके तिथं फसले. त्यांनी १ हे उत्तर उचललं आणि सगळी आडनावं आज ना उद्या नाहीशी होतात असा निष्कर्ष छापला. ही चूक पन्नास वर्षांहून जास्त टिकली. बिएनेमे या फ्रेंच गणितज्ञानं १८४५ मध्येच बरोबर उत्तर सांगून ठेवलं होतं, पण त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. डेन्मार्कचे एर्लांग, टेलिफोन एक्स्चेंजच्या गणितासाठी ओळखले जाणारे, याच कोड्यात गुंतले होते. त्यांच्या आईच्या माहेरचं क्रारूप हे आडनाव संपायला आलं होतं. १९२९ मध्ये ते अविवाहितच वारले आणि पुढच्या वर्षी त्यांच्याच देशाच्या स्टेफेन्सन यांनी पूर्ण उत्तर मांडलं.

०.६१८ हा आकडा ओळखीचा वाटला असेल. सुवर्ण गुणोत्तराचा हा भाऊ. शंखशिंपल्यांपासून देवळांच्या शिखरांपर्यंत तो सगळीकडे शोधणाऱ्यांनी इथं लगेच हात जोडू नयेत. मी तीन मुलं धरली म्हणून तो आला. चार धरली की तो गेला, आणि न सुमारे पावणेनऊ टक्क्यांवर आला.

खऱ्या घरांत मुलांची संख्या अशी ठरीव नसते. १९३० च्या दशकात लोकसंख्येचं गणित मांडणाऱ्या आल्फ्रेड लोटका यांनी अमेरिकेच्या १९२० च्या जनगणनेतले गोऱ्या लोकांचे आकडे या समीकरणात घातले. दर पुरुषामागे सरासरी सव्वा मुलगा, म्हणजे वाढती लोकसंख्या. तरी आडनाव संपण्याची शक्यता निघाली ८२ टक्के! कारण निम्म्याच्या आसपास पुरुषांना पुढे मुलगाच नव्हता, आणि थोड्या घरांत मुलगेच मुलगे. सरासरीनं जे झाकलं जातं ते इथं निर्णायक ठरतं. साथीचा रोग गावात आला तरी कधी कधी दोन-चार जणांवरच का विझतो, याचंही समीकरण हेच.

एवढी गळती असून आपल्याकडे आडनावं इतकी कशी? कारण नवी जन्मतात. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर १८७२ मध्ये जन्मले ते कुरुंदवाडला. घराण्याचं मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावचे म्हणून पलुसकर. त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, आणि तालीम झाली मिरजेत. म्हणजे पलुसकर पलूसमध्ये नाहीत, इचलकरंजीकर इचलकरंजीत नाहीत. ‘कर’वाल्या आडनावाचा हा स्वभावच आहे. कागलात सगळेच कागलचे. तिथं कुणाला कागलकर म्हणून काय वेगळेपणा कळणार? गाव सोडून दुसरीकडे गेलं की आडनाव चिकटतं. त्यामुळे अशा आडनावाचा नकाशा काढला तर मूळ गावावर बहुधा भोक दिसतं आणि भोवती, एक-दोन दिवसांच्या वाटेवर, घरांचं कडं. मूळ गाव शोधायचं तर जिथं घरं जास्त तिथं बोट ठेवणं ‘कर’ला चालत नाही, कड्याच्या मधोमध बघावं लागतं. चीनमध्ये आडनावं फार जुनी आणि नवी फारशी जन्मली नाहीत. गळती मात्र हजारो वर्षं चालली. तिथल्या ८५ टक्क्यांच्या आसपास लोकांना पहिली शंभर आडनावंच पुरतात. जपानात उलट. १८७५ मध्ये सरकारनं सगळ्यांना आडनाव सक्तीचं केलं, लोकांनी मिळतील ती घेतली, आणि आज तिथं आडनावांची संख्या लाखाच्या घरात आहे.

जन्मलेलं आडनाव पसरतं मात्र फार हळू. जमीन मुलग्यांत वाटली जाते, म्हणून भावकी एकाच शिवारात राहते. गावं बदलतात त्या मुली, आणि त्या आडनावही बदलतात. म्हणजे आडनावांचा नकाशा हा न हललेल्या माणसांचा नकाशा आहे. घाटाखाली सावंत, राणे, परब यांची दाटी. फोंडा किंवा गगनबावड्यानं वर चढून कोल्हापूर शहरापर्यंत येता येता ती विरळ होते. पूर्वेला सीमेपलीकडे ‘कर’ गळून पडतो आणि हुक्केरीसारखं गावाचं नुसतं नावच आडनाव होतं.

आता रक्ताची गोष्ट. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला जातं, आडनावासारखंच. मग एकाच आडनावाच्या पुरुषांत ते सारखं असायला हवं. आनुवंशिकीचे संशोधक ब्रायन साइक्स यांनी २००० मध्ये आपल्याच आडनावाच्या ४८ पुरुषांची तपासणी केली. २१ जणांचं जुळलं. २००९ मध्ये टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ब्रिटनमधली ४० आडनावं घेतली. ॲटनबरो या दुर्मीळ आडनावात दहांतल्या जवळजवळ नऊ पुरुषांचं गुणसूत्र एका घराण्यातलं निघालं. स्मिथ, म्हणजे तिकडचे आपले पाटील, यांच्यात रस्त्यावरच्या कुणाही दोघांइतकंच साम्य.

दहांतला दहावा कुठं गेला? दत्तक, घरजावई, आडनाव बदलणं, आणि हो, विवाहबाह्य संबंधही. दर पिढीला शंभरात दोघांच्याच बाबतीत असं घडतं असं धरलं तरी पंचवीस पिढ्यांनी साठच टक्के जुळतात. कोल्हापुरात उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. इचलकरंजीच्या जहागिरीचे मूळपुरुष नारो महादेव जोशी. संताजी घोरपड्यांच्या उपकाराची आठवण म्हणून त्यांनी घोरपडे आडनाव घेतलं. आणि खुद्द राजर्षी शाहू जन्मानं कागलचे घाटगे, १८८४ मध्ये दत्तक येऊन भोसले झाले. गादीचा वारसा गुणसूत्रावर चालत नाही, हे आपल्याला गुणसूत्राचा शोध लागण्याआधीपासून ठाऊक आहे. म्हणून ‘थुंकी पाठवा, शहाण्णव कुळी आहात का सांगतो’ असं कुणी म्हणालं तर पैसे राखून ठेवावेत. दोन पुरुषांची बापाकडची रेघ जवळची की लांबची, एवढं वाय गुणसूत्र सांगतं. कुळाचं नाव त्यावर लिहिलेलं नसतं.

चार्ल्स डार्विन यांच्या मुलानं, जॉर्ज यांनी, १८७५ मध्ये नवऱ्याचं आणि बायकोच्या माहेरचं आडनाव एकच असलेली लग्नं मोजून चुलत-मामे भावंडांतल्या लग्नांचं प्रमाण काढलं होतं. ती पद्धत इथं सपशेल पडेल. आपल्याकडे एकाच आडनावात सोयरीक टाळतात आणि मामाची मुलगी चालते. तिचं आडनाव वेगळंच असतं.

कुणाला आपल्या आडनावाचा नकाशा काढायचाच असेल तर साधन हाताशी आहे. मतदारयाद्या केंद्रनिहाय जाहीर होतात. तालुक्यातल्या याद्या उघडाव्यात, गावागणिक घरं मोजावीत, नकाशावर ठिपके द्यावेत. सीमाभागात फिरणारे हेळवी वंशावळींच्या वह्या बाळगतात. ते गावात आले तर त्यांच्याकडून मूळ गाव विचारून ठिपक्यांशी ताडून बघावं. वहीतलं गाव कड्याच्या आत पडलं तर वहीवर विश्वास वाढतो, चितोडला निघालं तर कमी होतो. मोजताना माणसं मोजू नयेत, घरं मोजावीत. नाहीतर सुना धरून एकच खटलं आठ-दहा वेळा नकाशावर चढतं. आणि लिखाणाकडे लक्ष असू द्यावं, कारण त्याच घराचं आडनाव एका यादीत ‘चौगुले’ तर दुसरीत ‘चौगले’ सापडतं.