‘आदेशार्थ सादर’ कधी लिहिलं जातं?

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 फुटांवर धोका. अशा रात्री वस्ती आता हलवायची की सकाळी, हे जागेवरच्या अधिकाऱ्यालाच ठरवावं लागतं. तो निर्णय घेईल की वरच्या फोनची वाट बघेल, हे बरंचसं एरवी त्याच्या फायलींचं काय होतं यावर ठरतं.

फाल्क आणि कोसफेल्ड या अर्थतज्ज्ञांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. हाताखालच्या माणसाकडे 120 गुण. त्यातले तो देईल त्याच्या दुप्पट वरिष्ठाला मिळणार. वरिष्ठाला दोनच पर्याय होते: किमान आकडा सक्तीचा करायचा, किंवा त्याच्यावर सोडायचं. किमान 5 किंवा 10 गुणांची सक्ती केली तेव्हा सरासरीने कमीच मिळालं. सक्तीतून ‘तुझा भरवसा नाही’ एवढंच पोचलं आणि लोकांनी हात आखडता घेतला.

कार्यालयात हे टिप्पणीवर दिसतं. अधिकारी कारणांसह स्पष्ट अभिप्राय लिहितो. फाइल ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन परत येते. चर्चा होते, मग एक त्रुटी निघते, ती भरली की दुसरी. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की तोच माणूस अभिप्राय लिहिणं सोडतो आणि खाली फक्त ‘योग्य त्या आदेशार्थ सादर’ लिहितो, म्हणजे काय ते वरच्यांनीच ठरवावं. तो आळशी झालेला नसतो. आपल्या मताला किंमत नाही, एवढं त्याला कळलेलं असतं.

मेयर, डेव्हिस आणि शूरमन या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी 1995 मध्ये विश्वासाचे तीन आधार मांडले: क्षमता, हितबुद्धी, सचोटी. आमच्या मते सरकारी कचेरीत तिसरा सर्वांत आधी तुटतो, आणि तो तुटतो तोंडी आदेशामुळे. ‘तुम्ही बघून घ्या’ म्हणायचं आणि प्रकरण अंगाशी आलं की नोटीस खालच्याच्या नावाने काढायची. ही मोकळीक नव्हे. लेखापरीक्षण हेही नियंत्रणच, पण ते सहसा इतकं खुपत नाही, कारण ते सर्वांना सारखं असतं.

म्हणून त्रुटी एकाच वेळी, क्रमांक घालून काढाव्यात. बदल्या आणि कामातली दिरंगाई यांबाबतच्या राज्याच्या 2005 च्या कायद्यानुसार एरवीही फाइल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, कोणी किती खर्च आणि कोणते निर्णय न विचारता करायचे ते लेखी द्यावं. तोंडी सूचना दिली तर त्याच दिवशी दोन ओळींत कायम करावी. आणि निर्णय चुकलाच तर पहिला प्रश्न हा असावा: त्या रात्री दोन वाजता तुमच्यासमोर कोणती माहिती होती?