कूलंट (एंजिन शीतक)

एंजिनातील उष्णता रेडिएटरकडे वाहून नेणारा द्रव. पाणी, एथिलीन ग्लायकॉल व गंजरोधक रसायने हे त्याचे घटक. एथिलीन ग्लायकॉल प्रथम फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्यूर्ट्झ यांनी तयार केले. साल कोठे १८५६, तर कोठे १८५९ असे आढळते. वाहनांत ते साधारणतः १९२० नंतर रुळले, तेही थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून.

निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल यांचे मिश्रण सु. −३७° से.ला गोठते. खान्देशात हा गुण जवळपास निरुपयोगी आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५° से.च्या आसपास जातो; अशा उन्हात घाट चढणाऱ्या भरल्या ट्रकला उकळी टाळणे व गंजरोध हेच महत्त्वाचे. हे मिश्रण सु. १०७° से.ला उकळते, दाब धरणाऱ्या कॅपमुळे आणखी वर. कॅपचे रबर कडक झाले की हा लाभ जातो. ग्लायकॉलचे प्रमाण वाढवल्याने गाडी जास्त थंड राहत नाही, कारण ग्लायकॉल पाण्याहून कमी उष्णता वाहते. ते ६० टक्क्यांवर नेऊ नये. एक-तृतीयांशाखाली गंजरोधक अपुरे पडतात.

गंजरोधकांबाबत दोन परंपरा आहेत. जपानी उत्पादक सिलिकेट टाळतात, कारण त्याने वॉटर पंपाचे सील झिजते असे ते मानतात. ते फॉस्फेट वापरतात. युरोपीय उत्पादक फॉस्फेट टाळतात, कारण जड पाण्यातील कॅल्शियमशी संयोग होऊन त्याचा साका रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. तापीकाठच्या अनेक गावांत बोअरचे पाणी जड असल्याने दुसरा आक्षेप येथे अधिक लागू पडतो. तरीही गाडीच्या पुस्तिकेतील प्रकारच निवडावा. तो फॉस्फेटयुक्त असेल, तर तयार मिश्रण घ्यावे किंवा डिस्टिल्ड पाणीच वापरावे. ट्रॅक्टर व ट्रकच्या ओल्या लायनरच्या (सिलिंडरच्या ज्या नळीला बाहेरून थेट कूलंट लागते तिच्या) डिझेल एंजिनांत लायनरच्या कंपनाने बुडबुडे फुटून बाहेरून खड्डे पडतात. त्यांना नायट्रायटसारखे रक्षक असलेले, अवजड डिझेलसाठीचे कूलंट लागते.

हिरवा, लाल, निळा हे केवळ रंग. त्यांवरून रसायन ठरत नाही. विसंगत प्रकार मिसळल्यास गाळ धरू शकतो. जुन्या सिलिकेटी प्रकाराची मुदत सु. २ वर्षे, सेंद्रिय आम्लांच्या प्रकाराची सु. ५. बदलताना एंजिन गार झाल्यावरच कॅप उघडावी, जुने सोडून डिस्टिल्ड पाण्याने धुवावे. ८ लिटरच्या यंत्रणेत ४ लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेले कूलंट) व ४ लिटर डिस्टिल्ड पाणी आधी एकत्र करून भरावे. थर्मोस्टॅट (एंजिन तापल्यावर उघडणारी झडप) उघडेपर्यंत एंजिन चालू ठेवून हवा काढावी, नंतर गार झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी. हवा राहिल्यास हेड (एंजिनाचा वरचा भाग) तापून त्याखालचे गॅस्केट जाते.

ग्लायकॉल गोड व विषारी असते. काढलेले कूलंट गुरे-कुत्री पोहोचतील तेथे किंवा नाल्यात ओतू नये. बंद कॅनमध्ये ठेवावे.