अंगात येणं वेगळं, झपाटणं वेगळं

रामनवमी ते चैत्र पौर्णिमा सप्तशृंगगडावर यात्रा भरते. खानदेशातून उन्हातान्हात पायी आलेल्या बायांपैकी कुणी संबळ वाजला की घुमू लागते. केस सुटतात, आवाज बदलतो. सोबतच्या बाया हळदकुंकू लावतात, पाया पडतात, गाऱ्हाणं घालतात. घटकाभराने वारं उतरतं. बाई पाणी पिते, पदर सावरते आणि भाकरीचं फडकं सोडते.

आता नाशकातल्याच एखाद्या घरातलं बघा. सहा महिन्यांपूर्वी लग्न झालेली मुलगी भरदुपारी ओट्यापाशी घुमते, वारलेल्या आजेसासूसारखी बोलते. ना संबळ, ना आरती. आठवड्यात तीनदा. तिला ते नको असतं, झोप उडालेली असते, आणि घरचे म्हणतात, बाहेरचं आहे, भगताकडे नेऊ.

घुमणं दोन्हीकडे तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या रोगसूचीत झपाटलेपण हा विकार आहे, पण अटींसह: ते नको असताना यावं, त्या समाजाच्या धार्मिक रीतीत बसणारं नसावं, आणि माणसाला त्रास व्हावा किंवा त्याचं रोजचं जगणं विस्कटावं. गडावरची बाई यात बसत नाही. तिला वेडी म्हणणाऱ्या शिकलेल्यांचा मला राग येतो. ओट्यापाशची मुलगी मात्र बसू शकते. सासरी जे तोंडाने बोलता येत नाही, ते कधी कधी असं बाहेर पडतं.

घुमताना जीभ चावली गेली, कपड्यात लघवी झाली, तर आधी फिटची तपासणी करावी.

कानात आवाज येणं आणखी निराळं. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या रुग्णांशी चेन्नई, घानातलं अक्रा आणि कॅलिफोर्नियात बोलून मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन यांनी २०१५ च्या सुमारास जे मांडलं, ते मला विसरता येत नाही. चेन्नईत पुष्कळांना नातेवाइकांचे आवाज येत, घरकामं सांगणारे, रागावणारे. अमेरिकेतल्यांना बहुधा मारामारीचे, हिंसेचे. आजार एकच, पण त्याने बोली घरातूनच उचललेली. म्हणून आजेसासूचं नाव निघालं एवढ्यावरून भूत ठरत नाही.

भूत उतरवायच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. अंगारा लावायचा तर लावा, पण त्याच दिवशी मानसोपचार तज्ज्ञालाही दाखवा. घरातून हलता येत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फिरवा. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.